वजनावर घेतलेला अँप्लिफायर

तीर्थरूप मेहुणेबुवांस,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. (पूर्ण साष्टांग घालायचा विचार होता, पण गेल्या वेळी घातला तेव्हा मला उठवायला तुमच्याच बहिणीला यावं लागलं आणि पुढे बरेच दिवस तिने तो विषय सोडला नाही.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी सकाळी घेता की दुपारी आठवल्यावर? वहिनींची मान आता वळते का, की अजून सगळं अंग वळवूनच तुम्हाला नाही म्हणतात? आणि मुख्य म्हणजे तुमची गाडी कशी आहे? तिच्या सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं तुम्ही अजून काढली नसणारच. तिचं दार जरा जोरात लागलं की तुमच्या चेहऱ्याचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून तिची चौकशी मी घरातल्या माणसासारखीच करतो. आमच्याकडे सगळे बरे आहेत. हे पत्र निव्वळ हालहवाल कळवायला लिहितोय. मला तुमच्याकडून काहीही नको आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निर्धास्तपणे पुढचं वाचाल.

आमचे जावई तुम्हाला माहीत आहेत, म्हणजे दिसायला माहीत आहेत. ऐकायला ते कुणालाच माहीत नाहीत. लग्नात तुम्ही त्यांच्याशेजारी जेवायला बसला होतात आणि हात धुताना मला हळूच विचारलं होतंत, की मुलगा बोलतो ना? मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की नवा आहे, लाजत असेल. लग्नाला आता काही वर्षं झाली, पण लाज काही ओसरायचं नाव घेत नाही. काम त्यांचं कवळ्या करण्याचं. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे आपल्या खोलीत दिव्याखाली बसून कुणाचे सुळे, कुणाच्या दाढा घासूनपुसून तयार करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाची सोय बघणारा माणूस स्वतःचं तोंड उघडत नाही. माझी वरची कवळीसुद्धा त्यांनीच केलेली आहे. (उत्तम बसते. तुम्हाला वेळ आली तर सांगा.) त्यामुळे घरी आले की माझ्याशी त्यांचं एकच वाक्य असतं, की बसतेय ना नीट. मी म्हणतो, बसतेय. झालं. मग मी प्रश्नामागून प्रश्न विचारतो, ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे. ती भिंत मी नंतर जवळ जाऊन पाहिली. तिच्यात काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, गप्प आहेत तर राहू देत, तुझं काय जातंय? माझी लेक जाते, मेहुणेबुवा. रविवारी ती येते ती जावयांच्या गाडीतून. येते, आईशी स्वयंपाकघरात मनसोक्त बोलते, आणि अधूनमधून दारातून डोकावून या भिंत बघणाऱ्या माणसाकडे बघते. मागे एकदा निघताना ती आईला हळूच म्हणाली, की आता महिन्यातून एकदाच येत जाऊ, त्याला इथे करण्यासारखं काही नसतं गं. (हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतपत हळूच. या कलेत ती आईवर गेली आहे.) मी तसाच वर्तमानपत्र वाचत बसलो. पण ते मला फार लागलं. महिन्याचे दोन महिने व्हायला वेळ लागत नाही, आणि दोन महिन्यांनी येणारी लेक पाहुणी होते. तेव्हाच ठरवलं, की या माणसाच्या आत काय आहे ते शोधून काढायचं.

आणि ते मला डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना सापडलं. लेकीला वेळ नव्हता, म्हणून जावई न्यायला आले. गाडी सुरू झाली, त्यांनी एक बटण दाबलं आणि एक बाई गायला लागली. आता गाडीतलं गाणं मी आयुष्यभर ऐकलेलं आहे. ते पायाशी कुठेतरी वाजतं, आणि इंजिन व रस्ता यांच्यातून उरलेलं आपल्यापर्यंत येतं. ही बाई मात्र समोरच्या काचेच्या बरोब्बर मध्यभागी, बॉनेटवर बसल्यासारखी गात होती. ओळ संपल्यावर श्वास घेतला तोही ऐकू आला. तबला तिच्या डाव्या हाताला, थोडा मागे. मी दार पाहिलं तर स्पीकर दारात. मग बाई काचेवर कशी? मी जावयांना विचारलं, हा आवाज येतो कुठून? ते म्हणाले, "समोरून." एवढंच. पण मेहुणेबुवा, हे म्हणताना त्यांचा कान किंचित लाल झाला. ट्रकांच्या वजनकाट्यावर इतकी वर्षं नोकरी करून मला एक कळतं. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली काही खास असलं, की ड्रायव्हरचा चेहरा नाही, कान सांगतो.

डॉक्टरने डोळ्यांत थेंब टाकले, पुढची अक्षरं वाचायला सांगितली, आणि मी सगळी चुकीची वाचली, कारण डोक्यात ती बाई. दारातला आवाज काचेवर कसा चढतो? घरी आल्या आल्या मी आमच्या जुन्या गाडीचा स्पीकर बघायला बसलो. (आमच्या गाडीत एकच स्पीकर वाजतो, तोही सर्दी झाल्यासारखा.) दाराचं आतलं आवरण कसं काढतात ते माहीत नव्हतं, म्हणून उलथन्याने उचकटलं. ते निघालं, पण त्याबरोबर खिडकीची काच दाराच्या पोटात गेली आणि परत वर यायला तयार होईना. स्पीकर म्हणजे आत एक कागदाचा द्रोण आणि त्याच्या बुडाला लोहचुंबक. द्रोण अर्धा कुजलेला. इतक्याशा कागदाने माणसाचा आवाज काढायचा म्हणजे कमालच आहे, असं मी तुमच्या बहिणीला म्हणालो. ती म्हणाली, उलथनं आधी धुऊन ठेवा. पुढचे काही दिवस बाजारात जाताना ती त्या उघड्या खिडकीला वर्तमानपत्र धरून बसायची. एरवी ती वाऱ्याला काही बोलत नाही, पण तेव्हा सगळं वाऱ्याला उद्देशून बोलत होती.

मग मी गेलो दुकानात. गाड्यांच्या सामानाची जिथे ओळीने दुकानं आहेत तिथलं सगळ्यात झगमगीत दुकान निवडलं. तिथे एक विक्रेता होता, त्याला मी मनातल्या मनात हजारवॅट म्हणायला लागलो, कारण त्याखालची भाषा त्याला येत नव्हती. जेवणाच्या डब्याएवढा अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला जोर पुरवणारी पेटी, दाखवून म्हणाला, दीड हजार वॅट. मी विचारलं, गाडीचा हेडलाइट किती वॅटचा असतो? पन्नास-साठ, तो म्हणाला. मी म्हटलं, मग या डब्यात तसले पंचवीस-तीस दिवे मावतात, आणि ते पेटवणारी बॅटरी तीच, आमची म्हातारी? त्याने माझ्याकडे जरा नीट पाहिलं. मग कबूल केलं, की हा आकडा क्षणभराचा, सगळं जुळून आलं तर. कायमचा आकडा खोक्याच्या मागे, बारीक अक्षरांत असतो. (नवा चष्मा तोवर आला असता तर मला तो आधीच दिसला असता.) तेवढ्यात बाजू सावरायला त्याने सबवूफर सुरू केला. सबवूफर म्हणजे फक्त जाड आवाजाचा मोठा स्पीकर. तो ऐकायचा नसतो, सोसायचा असतो. दुकानाच्या काचा थरथरल्या, माझा सदरा फडफडला, आणि माझी वरची कवळी स्वतःच्या मर्जीने गाण्याला ठेका धरू लागली. मी तोंडावर हात ठेवून उभा राहिलो. हजारवॅटला वाटलं, मी भारावलो.

आता खरी निवड आली. खोक्यावरच्या आकड्यांवर विश्वास नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? मी माझ्या आयुष्यात एकाच आकड्यावर विश्वास ठेवलेला आहे. ट्रकवाला म्हणतो इतकं, व्यापारी म्हणतो तितकं, पण काटा म्हणतो तेच खरं. दुसऱ्या दिवशी मी स्प्रिंगचा काटा घेऊन गेलो, तो आकड्याला अडकवून वजन करतात तो, आणि दुकानातला एकेक अँप्लिफायर पिशवीत घालून लटकवायला सुरुवात केली. बाकीची गिऱ्हाइकं जमली. एकाने तर स्वतःचा अँप्लिफायर माझ्या पिशवीत घातला. माझा हिशेब सरळ होता. ज्यात माल जास्त तो जड, आणि जो जड तो खरा. स्पीकरचंही तसंच. चुंबक जड, तो स्पीकर चांगला. असा सगळ्यात जड अँप्लिफायर, सगळ्यात जड चार स्पीकर आणि एक सबवूफर घेऊन मी विजयी मुद्रेने घरी आलो.

सबवूफरची पेटी डिकीत जाईना, कारण तिथे जादा चाक. म्हणून ती मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. तुमच्या बहिणीने पाहिलं आणि म्हणाली, की तिला पट्टा लावलात, मला आजवर कधी लावायला सांगितलं नाहीत. (लावत नाही ती. मी सांगतो. पत्रात तरी माझी बाजू येऊ द्या.) मग तारा. अँप्लिफायरला तारा जोडायच्या जागा थोड्या आणि स्पीकर जास्त, तेव्हा मी सगळे एकाच ठिकाणी जोडले. एका नळाला चार बादल्या लावाव्यात तसं. गाणं सुरू झालं. पहिली ओळ नीट. बाई जरा वर चढली, की अँप्लिफायरवर लाल दिवा आणि शांतता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा वर चढली, पुन्हा शांतता. घरातून आवाज आला, की तिला खालच्या सुरात गायला सांगा.

आणि रविवार आला. लेक उतरून आत गेली. जावई उतरले, भिंतीकडे जायला निघाले आणि आमच्या गाडीपाशी थांबले. मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेली पेटी. आवरण उचकटलेलं दार. एकाच ठिकाणी कोंबलेल्या तारा. त्यांनी हे सगळं कितीतरी वेळ पाहिलं. मी पायरीवर उभा होतो आणि तुम्हाला खरं सांगतो, परीक्षेच्या निकालाचीही मी इतकी वाट पाहिली नव्हती. ते आपल्या गाडीकडे वळले. मला वाटलं, झालं, चालले. पण ते स्क्रूड्रायव्हर घेऊन परत आले. अँप्लिफायर काढला, हातात तोलला, जरा थांबले, पुन्हा तोलला, आणि त्याचं झाकण उघडलं. आत, मेहुणेबुवा, एका कोपऱ्यात हिरवी पट्टी आणि तिच्यावर काही बारीकसारीक भाग. बाकी सगळी जागा रिकामी, आणि बुडाशी लोखंडाचा एक जाडजूड ठोकळा, चार स्क्रूंनी आवळलेला. त्याला ना तार, ना काही. त्याचं काम एकच, जड असणं.

जावयांनी ठोकळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "बाबा, तुम्ही हा वजन करून घेतलात?"

मी हो म्हणालो. आणि तो माणूस हसला. गाडीच्या दाराला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आतून लेक धावत आली, तिला वाटलं कुणाला काही झालं. मीही हसत सुटलो, कवळीची पर्वा न करता. आयुष्यभर काट्यावर बसून दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये दगड शोधणारा मी, मला एका खोक्याने लोखंड घालून फसवलं. पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. या माणसाने मला आजवर कधी बाबा म्हटलं नव्हतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी कसं सांगू? नळ सुटला. कळलं ते असं, की जावयांना बोलायला येत नाही असं नाही, त्यांना उगाच बोलायला येत नाही. समोर काहीतरी चुकलेलं असलं की ते भडाभडा बोलतात. आणि चुका करण्यात मी तयारीचा. पुढच्या रविवारी ते डांबरासारख्या काळ्या पट्ट्या घेऊन आले आणि आम्ही दोघांनी दारांच्या पत्र्याला आतून त्या चिकटवल्या. मी म्हटलं, स्पीकर कधी बसवायचा? ते म्हणाले, "आधी दार गप्प बसलं पाहिजे, बाबा. मग स्पीकरचं ऐकू येईल." पत्रा थरथरतो तो स्पीकरच्या आवाजात आपला आवाज मिसळतो म्हणे. खिडकीची काचही वर आली. दार लावलं तर असा भरीव आवाज झाला, की मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. त्या वेळी तुमची फार आठवण आली.

ओहम म्हणजे काय ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, स्पीकर विजेला जी अडवणूक करतो ती. अडवणूक कमी झाली तर बरंच की, मी म्हटलं. मग त्यांनी मला माझाच वजनकाटा समजावला. एका फाटकातून ट्रक आले तर काट्यावरचा माणूस नीट काम करतो. चारही फाटकं एकदम उघडली तर तो माणूस टेबल सोडून पळून जातो. तो पळून जाणारा माणूस म्हणजे लाल दिवा. मला इतकं लख्ख समजलं, की मी लगेच आत जाऊन तुमच्या बहिणीला समजावलं. तिने विचारलं, की मग तुम्ही कधी पळून गेला होतात का?

मग स्पीकरची निवड. वजन करायला मला मनाई होती. जावई आपल्या ओळखीच्यांकडून दोन-दोन स्पीकर मागून आणायचे, बसवायचे, मला डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, की बाई कुठे बसली आहे ते बोट करून दाखवा. आधी ती सामानाच्या कप्प्यात होती. मग माझ्या डाव्या गुडघ्यावर. (हे मी आत सांगितलं नाही.) ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, तो काचेच्या कडेच्या खांबावर बसवला, तर ती वायपरवर गेली. तो बोटभर वळवला, तर उजवीकडे सरकली. मला राहवेना. मी दोन्ही कानांवर आळीपाळीने हात ठेवून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं, एकदा मागच्या सीटवर सबवूफरशेजारी बसून पाहिलं. अशा वेळी शेजारून कुणी जात असेल तर त्याने काय पाहिलं असेल? एक म्हातारा डोळे मिटून काचेकडे बोट दाखवतोय आणि एक तरुण माणूस गंभीरपणे मान हलवतोय.

आणि शेवटी माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाई काचेवर कशी येते? जवळच्या स्पीकरचा आवाज आपल्याकडे आधी पोचतो, आणि कान जो आधी पोचला त्याचंच खरं धरतो. म्हणून जवळच्या स्पीकरला थोडंसं थांबवायचं, अगदी किंचित. मग लांबचा आणि जवळचा एकदम पोचतात आणि कानाला वाटतं, आवाज मधून आला. जवळचा थोडा थांबला की लांबच्याचंही ऐकू येतं. इतकी वर्षं जावयांना मी प्रश्न विचारायचो आणि उत्तर यायच्या आत दुसरा विचारायचो. तुमच्या बहिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, शास्त्र चांगलं आहे, घरातही बसवून घ्या.

आता सगळं बसलं आहे. जावयांनी निवडलेला अँप्लिफायर माझ्या टॉर्चपेक्षा हलका आहे (वजन केलं, त्यांच्या नकळत), आणि त्यावर सगळं गाणं पेललं जातं, हे मला अजून पचलेलं नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघं गाडीत काचा लावून बसलो. बाई आली, बॉनेटच्या मधोमध बसली, आणि तिने श्वास घेतला. शेजारी जावई हळू आवाजात तिच्याबरोबर गुणगुणत होते. मी मान वळवली नाही, न जाणो थांबले तर. फार बरं वाटलं, मेहुणेबुवा. गाणं संपल्यावर त्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली, म्हणाले, झालं काम. आणि मला पुन्हा ती भिंत दिसायला लागली.

असो. खुशाली कळवायला बसलो आणि पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, त्यांच्या मानेला आराम पडो. उत्तराची घाई नाही.

तुमचा,
काट्यावरचा मेहुणा

ता. क. : लिहायचं राहिलं. तुम्ही उभयता लवकरच मुलाकडे राहायला जाणार, असं ऐकतो. तेवढे दिवस तुमची गाडी नुसती कव्हराखाली उभी राहणार, आणि उभी राहून गाडी खराब होते, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे. तर ती आमच्याकडे ठेवून जावी, असं सुचवतो. तिचे स्पीकर कसे आहेत? चांगले असतील तर वाईट आहेत असं कळवा. मी जावयांना आधीच सांगून ठेवलंय, की दादांच्या, म्हणजे तुमच्या, गाडीचं मागचं उजवं दार खडखडतं आणि त्यांना त्याचा फार त्रास होतो. हे ऐकून त्यांचा कान लाल झाला. देवाच्या कृपेने आमच्याही गाडीत रविवारनंतर डाव्या स्पीकरमधून एक बारीक गुणगुण यायला लागली आहे, इंजिनचा वेग वाढवला की तीही वाढते, त्यामुळे पुढचा रविवार निभावला. पण त्याच्या पुढे काय? मी स्वतः एखादा स्क्रू सैल करून ठेवू शकलो असतो, पण ते अप्रामाणिकपणाचं झालं असतं. शिवाय कुठला ते माहीत नाही.

ता. क. दुसरा : प्लॅस्टिकच्या कव्हरांना धक्का लागणार नाही. लोखंडाचा तो ठोकळा आम्ही घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो. तुम्हाला आवडेल असं वाटतं. गाडी परत करताना तोही पाठवीन.

दादा, मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. गाडी दे. ते दार हळू लावायला शिकलेत, मी स्वतः पाहिलंय. आणि ती डाव्या स्पीकरची गुणगुण देवाच्या कृपेने आलेली नाही. हत्यारं आवरल्यावर जावई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, "आई, एक तार जरा सैल ठेवली आहे. बाबांना सांगू नका. पुढच्या रविवारी यायला काहीतरी कारण नको का?" मी सांगणार नाही म्हटलं. आता यांनी तुला लिहिलेलं जावयांना सांगायचं नाही, आणि जावयांनी केलेलं यांना सांगायचं नाही. बोलणारे दोघं झाले, दादा, आणि या घरात गप्प बसायची वेळ माझ्यावर आली.